आबालाल रहिमान आणि शांतपणाचा आरोप

आमच्या सुशिक्षित समाजात चित्रकलेविषयी जे थोडेबहुत बोलले जाते, त्यात निसर्गचित्रकाराच्या वाट्यास एक ठराविक स्तुती येते. आणि आमच्या मते ती स्तुती निंदेहूनही अधिक घातक आहे. ‘चित्र पाहून डोळ्यांना कसा गारवा वाटतो!’ असे म्हणून गृहस्थ पुढील खोलीत चहास जातात. व्यक्तिचित्रासमोर ते साम्य शोधतात, पौराणिक चित्रासमोर कथा आठवतात, नवचित्रासमोर निदान भांबावून तरी उभे राहतात. निसर्गचित्रासमोर मात्र त्यांस काहीच करावेसे वाटत नाही. उशीवर डोके टेकावे तशी ते त्या चित्रावर नजर टेकतात. पुढे हाच गारवा टीकाकाराच्या हाती गेला, की त्याचे आरोपपत्र होते. जे चित्र कोणासही अस्वस्थ करीत नाही त्यात काही अर्थ नाही, तो दिवाणखान्याचा शृंगार आहे, असा निकाल तो देतो. स्तुती करणारा आणि निंदा करणारा असे दोघेही चित्र न पाहताच बोलत असतात, हे सिद्ध करून दाखवावे एवढ्याचसाठी प्रस्तुत लेखाचा खटाटोप आहे. आणि उदाहरणादाखल आम्ही कोल्हापूरचे आबालाल रहिमान यांस घेतो.

आबालालांचे नाव वाचकांस अगदीच अपरिचित नसावे. परंतु त्यांच्याविषयी वाचकांस काय ठाऊक आहे असे विचारले, तर दहांपैकी नऊ जण एकच कथा सांगतील. आश्रयदाते राजर्षी शाहू महाराज १९२२ साली निवर्तले आणि त्या दुःखाच्या भरात ह्या चित्रकाराने आपली असंख्य चित्रे कोटितीर्थाच्या तळ्यात टाकून दिली, ही ती कथा. कथा हृदयद्रावक आहे आणि ती खोटी ठरविण्याची आम्हांस मुळीच हौस नाही. पण तिने आबालालांचे जेवढे नुकसान केले तेवढे त्या तळ्याच्या पाण्यानेही केले नसेल. बुडालेल्या चित्रांसाठी हळहळणारी माणसे मागे राहिलेली चित्रे पाहण्यास जात नाहीत. कोल्हापूरच्या टाऊन हॉलमधील वस्तुसंग्रहालयात त्यांची काही कामे आहेत. महालक्ष्मीच्या दर्शनास आलेल्या यात्रेकरूंपैकी किती जण तिकडे वळतात, हा प्रश्न आम्ही केवळ विचारून ठेवतो. चित्रकाराचे चरित्र सांगणे सोपे असते, कारण त्यास कान पुरतात.

आता उपलब्ध तपशील पाहा. कुराणाच्या सुशोभित प्रती लिहिणाऱ्या मुसलमान कुटुंबात ह्यांचा जन्म झाला. बोरूने अक्षर कोरावे तसे लिहिणे, ओळीचा तोल सांभाळणे, दोन अक्षरांमधील रिकाम्या जागेसही अक्षराइतकेच मोल देणे, हे त्या घरातील नित्याचे काम होते. पुढे १८५७ साली स्थापन झालेल्या मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेत त्यांचे रीतसर शिक्षण झाले. त्या काळी तेथे ग्रीक-रोमन मूर्तींचे प्लॅस्टरचे पुतळे पुढे ठेवून विद्यार्थ्याकडून छायाप्रकाशाचे रेखांकन घोटून घेतले जाई. नंतर ते कोल्हापुरास परतले, दरबारी चित्रकार झाले, आणि रंकाळा, कोटितीर्थ, पंचगंगेचा काठ अशा घराजवळच्याच ठिकाणी वर्षानुवर्षे बसून चित्रे काढीत १९३१ साली मृत्यू पावले. विलायतेस ते गेले नाहीत.

ह्यावरून एक पक्ष असे म्हणतो की, मग ही शैली उसनीच झाली. इंग्रजी शाळेत, ग्रीक पुतळ्यांवरून, विलायती पद्धतीने शिकलेला हात. त्याचे अभिजातपण आमचे नव्हे. ह्या पक्षाचा पूर्वज म्हणजे बंगालमधील पुनरुज्जीवनवाद होय. स्वतंत्र निसर्गचित्र हा प्रकारच आमच्या परंपरेत नाही, हे त्याचे मुख्य प्रमाण. प्रमाण खरे आहे. अजिंठ्यात वृक्ष आहेत, खडक आहेत, कमळांनी भरलेली तळी आहेत. पण ती सारी कोण्या बोधिसत्त्वाच्या किंवा राजपुत्राच्या भोवताली आहेत. माणूस बाजूस सारून केवळ भूमीचेच चित्र काढावे, असे त्या भिंतींवर कोणास सुचले नाही. परंतु ह्यावरून निष्पन्न काय होते? कादंबरी तरी आमच्या परंपरेत कोठे होती? बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ आले तेही १८५७ सालीच, म्हणजे त्या कलाशाळेच्या जन्मवर्षीच. म्हणून हरिभाऊ आपट्यांच्या कादंबऱ्या विलायती ठरवून कोणी अडगळीत टाकल्या नाहीत. सुनीत आले, गझल आली, आणि दोहोंनी मराठीत घर केले. साहित्यात जो पाहुणा दोन पिढ्यांत घरचा होतो, तोच चित्रकलेत दीडशे वर्षे उंबरठ्यावरच का उभा राहावा, हे आम्हांस कळत नाही. की आम्ही साहित्य वाचतो आणि चित्राविषयी केवळ वाचतो, एवढाच हा भेद आहे?

शिवाय, अभिजात संस्कार म्हणजे नक्कल, हे समीकरणच मुळात चुकीचे आहे. निसर्गचित्रात ‘अभिजात’ ह्या शब्दाने ज्याची आठवण सर्वप्रथम होते तो सतराव्या शतकातील क्लोद लोरँ. तो जन्मला लोरेन प्रांतात आणि आयुष्यभर राहिला रोममध्ये. रोमभोवतालचे मैदान, संध्याकाळचा पिवळा प्रकाश, एका बाजूस मोठा वृक्ष, दूरवर पाणी, आणि वर्जिलच्या काव्यातून आल्यासारखी चिमुकली माणसे अशी त्याची मांडणी असे. इंग्लंडातील कॉन्स्टेबल ह्याने त्याच्या चित्रांवरून नकला करून हात तयार केला, आणि मग सफकच्या चिखलातील गाड्या काढल्या. टर्नरने तर मृत्युपत्रात अट घातली की, आपली दोन चित्रे लंडनच्या राष्ट्रीय चित्रालयात क्लोदच्या चित्रांशेजारीच टांगावी. आणि ती तशी टांगलेली आहेत. ह्या दोघा इंग्रजांवर उसनवारीचा आरोप कोणी करीत नाही. लोरेनचा माणूस रोममध्ये शिकतो, त्याच्यापासून इंग्रज शिकतो, आणि ती साखळी कोल्हापुरात आली की मात्र एकाएकी तिचे नाव गुलामगिरी! आबालालांनी त्या शाळेकडून पद्धत घेतली. प्रकाश काही घेतला नाही. रंकाळ्याकाठचा संध्यामठ, जो तळे भरले म्हणजे पाण्यात शिरतो आणि उन्हाळ्यात पुन्हा पायथ्यापर्यंत उघडा पडतो, तो कोणत्याही ग्रीक पुतळ्यावरून शिकता येत नाही. त्यासाठी त्या काठी ऋतुमागून ऋतू बसावेच लागते.

त्याच दरबारात अल्लादिया खाँसाहेब गात असत. त्यांची गायकीही बाहेरून आलेली, राजपुतान्यातून. तिला परकी म्हणण्याचे धाडस महाराष्ट्रात आज कोण करील? आणि खाँसाहेबांच्या विलंबित ख्यालाबद्दल ‘हे सारे फार शांत आहे, ह्यात संघर्ष नाही’ असे कोणी म्हटल्याचे आमच्या ऐकिवात नाही. संगीतात जो विलंब सामर्थ्याचे लक्षण, तोच चित्रात दुबळेपणा कसा ठरतो?

येथे दुसरा आणि अधिक गंभीर आरोप येतो. शांतपणा म्हणजे पोकळपणा. शांत चित्र म्हणजे जगापासून पलायन. वस्तुतः हा वाद नवा नाही. आमच्या अलंकारशास्त्रात तो हजार वर्षांपूर्वी लढला गेला आहे. भरताने नाट्यातील रस आठ सांगितले. नववा शांत मानावा की नाही, ह्यावर मोठे रण माजले. दशरूपककार धनंजयाने स्पष्ट म्हटले की, नाट्यात ह्याची पुष्टी होऊ शकत नाही. त्याचे म्हणणे आजच्या टीकाकारासारखेच होते: जेथे सर्व व्यापार थांबले तेथे दाखवायचे काय? अभिनवगुप्ताने ह्याचे उत्तर दिले. शांत हा केवळ इतर भावांचा अभाव नव्हे, त्याची स्वतःची भूमी आहे आणि इतर भाव तिच्यावरच उमटतात व तिच्यातच विरतात, असा त्याचा आशय. त्याच्याही आधी आनंदवर्धनाने एक विलक्षण विधान करून ठेवले होते. महाभारताचा मुख्य रस कोणता? वीर नव्हे, करुण नव्हे, तर शांत. अठरा अक्षौहिणी सैन्य ज्या ग्रंथात कापले जाते त्याचा मुख्य रस शांत! ज्यांस शांतपणा म्हणजे अनुभवाचा तुटवडा वाटतो, त्यांनी ह्या विधानापुढे घटकाभर थांबावे.

पाश्चात्त्यांकडेही हेच दिसेल. वर्जिलच्या गोपगीतांस लोक वृक्षाखालची बासरी समजतात. त्यातील पहिलेच गीत उघडावे: झाडाखाली वाजविणारा गोप आहे खरा, पण त्याच्यासमोर उभा आहे तो दुसरा गोप, ज्याची जमीन यादवी युद्धातील शिपायांना वाटून टाकली आहे आणि जो शेळ्या हाकीत परागंदा होत आहे. क्लोद रोममध्ये सोनेरी संध्याकाळी रंगवीत होता, त्या काळात त्याचा जन्मप्रांत तीस वर्षांच्या युद्धाने होरपळून निघाला होता. ह्या लोकांस दुःख ठाऊक नव्हते म्हणून ते शांत राहिले, असे म्हणणे हे अज्ञानाचे लक्षण आहे; मात्र ते अज्ञान चित्रकाराच्या अंगी नाही.

आणि चित्रातील शांतपणा आपोआप येतो तरी कोठे? तो घडवावा लागतो, आणि तेही फार कष्टाने. पाण्यात पडलेले प्रतिबिंब म्हणजे वस्तूची उलटी प्रत नव्हे. उजळ वस्तू पाण्यात किंचित मंद दिसते, गडद वस्तू किंचित उजळ. हा सूक्ष्म फरक साधला नाही की तळ्याचा आरसा होतो आणि आरशात शांतता नसते. जलरंगात पांढरा म्हणजे न रंगविलेला कागद. म्हणून सर्वांत उजळ जागा कोणती, हे पहिला कुंचला बुडविण्यापूर्वीच ठरवावे लागते, मागाहून पश्चात्ताप करून भागत नाही. सावलीची कड कोठे कठीण ठेवावी आणि कोठे विरघळू द्यावी, क्षितिजरेषा बोटभर वर घ्यावी की खाली, दूरची झाडी किती निळी करावी, ह्या प्रत्येक ठिकाणी चित्र गडबडू शकते. ज्याने बोरूने ओळ सांभाळली आणि मूर्तीवरून छायाप्रकाश घोटला, त्याच्या हाती हे संयमाचे काम सुरक्षित असते. आक्रोश करणारे चित्र थोडे बिघडले तरी तो आक्रोशाचाच भाग म्हणून खपून जाते. शांत चित्रात एक चुकीचा फटकारा सभेत खुर्ची पडावी तसा वाजतो.

आणखी एक विसंगती आम्हांस नेहमी बुचकळ्यात टाकते. वासुदेव गायतोंडे यांच्या पटांपुढे आजचा रसिक हात जोडून उभा राहतो. त्या निःशब्द रंगपृष्ठात त्यास ध्यान दिसते, अथांगता दिसते. दिसावीच; गायतोंडे तेवढ्या योग्यतेचे चित्रकार होतेच. पण मग तळे, दगड आणि झाड दाखविणारी शांतता तेवढी कॅलेंडरची, आणि काहीच न दाखविणारी शांतता तेवढी तत्त्वज्ञानाची, ही वाटणी कोणत्या न्यायाने झाली? आबालालांचा अपराध एवढाच दिसतो की, त्यांच्या चित्रातील तळे ओळखू येते.

येथवरचा वाद पुण्या-मुंबईच्या वाचकासही परिचित असेल. परंतु आम्ही हे नांदेड जिल्ह्यातील लोह्यास बसून लिहीत आहोत, आणि आमच्या भागात ह्या आरोपास एक धार येते जी तिकडे येत नाही. येथे विचारले जाते ते असे: कोल्हापुरास पंचगंगा आहे, रंकाळा आहे, तेथे शांत चित्रे खुशाल काढावी. ज्या मुलखाने १९७२ चा दुष्काळ पाहिला, ज्याच्या शेजारच्या लातूर शहरास २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून आगगाडीने पिण्याचे पाणी आणावे लागले, जेथे शेतकऱ्याच्या आत्महत्येची बातमी वर्तमानपत्राच्या आतील पानावर गेली आहे, तेथे शांत निसर्गचित्र काढणे ही फसवणूक नव्हे काय?

प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्याची थट्टा करणाऱ्याशी आमचे जमणार नाही. तथापि त्यात एक गफलत दडलेली आहे. शांतता म्हणजे समृद्धी, शांतता म्हणजे हिरवळ आणि भरलेले तळे, असे प्रश्नकर्त्याने गृहीत धरले आहे. म्हणजे तोही त्या चहास गेलेल्या गृहस्थाच्याच पंक्तीचा! वैशाखातले आमचे रान त्याने पाहिले आहे काय? नांगरून टाकलेली काळी जमीन, तिच्यावर पांढऱ्याजवळ गेलेला प्रकाश, बांधावर एक कडुनिंब आणि त्याच्या बुंध्याशी हातभर सावली. पऱ्हाटी उपटून झालेली. आखाड्यावर माणूस नाही. ह्या देखाव्यात गोडवा नाही, दिलासा तर मुळीच नाही. पण आक्रोशही नाही. पावसाची वाट पाहत बांधावर बसलेला शेतकरी छाती बडवून घेत नसतो. तो जमिनीकडे पाहत असतो. ते पाहणे चित्रात उतरले तर त्यास फसवणूक म्हणावयाचे की साक्ष? दुष्काळाचे चित्र म्हणून भेगाळलेली माती आणि कपाळास हात लावलेला म्हातारा एवढेच मागणाऱ्यांस आमची दया हवी आहे; आमची भूमी त्यांस पाहावयाची नाही.

आणि अभिजात संस्काराचा विचार करावयाचा तर तो आम्हांस कोल्हापूरच्या किंवा रोमच्या वाटेने आणण्याचेही कारण नाही. सातवाहन राजा हाल ह्याच्या नावावर असलेली गाथासप्तशती ह्याच गोदावरीच्या खोऱ्यातली. त्या सातशे गाथांत राजवाडे थोडे आणि शेते फार आहेत. कापसाची शेते आहेत, तिळाची आहेत, गोदेच्या काठची दाट झाडी आहे. दोन ओळींत एक रान आणि त्या रानात एक न बोललेली गोष्ट, अशी तिची रीत. निसर्गचित्रकारास ह्याहून अधिक उत्तम पाठ्यपुस्तक कोणते हवे? लिंबोटीचे धरण ज्या मन्याडीवर आहे तिचे पाणी मांजरेत जाते आणि मांजरेचे गोदावरीत. म्हणजे त्या गाथांशी आमचे नाते केवळ अभिमानाचे नाही, पाण्याचे आहे. काव्याने हे ओळखले. अजिंठ्याच्या पायथ्याशी पळसखेड्यास शेती करणाऱ्या ना. धों. महानोरांच्या ‘रानातल्या कविता’ १९६७ साली आल्या आणि मराठवाड्याचे रान मराठी वाचकाच्या कानात कायमचे शिरले. डोळ्यांत मात्र ते अजून शिरावयाचे आहे.

ह्याची काही कारणे इतिहासात आहेत. कोल्हापुरास दरबार होता, औंधास चित्रकलेचे वेड असलेले पंतप्रतिनिधी होते, मुंबईस कलाशाळा होती. आमचा मुलूख १९४८ च्या सप्टेंबरापर्यंत निजामी राज्यात होता. त्या राज्याने अजिंठ्याच्या चित्रांच्या रक्षणासाठी १९२० च्या सुमारास इटलीहून तज्ज्ञ आणविले, गुलाम याझदानींकडून त्यांवरील भव्य ग्रंथ सिद्ध करविले. हे ऋण मान्य केलेच पाहिजे. पण लोह्या-कंधारच्या मुलाने रंगपेटी घेऊन कोठे जावे, ह्याची सोय त्यात नव्हती. असो. त्या राज्यास जाऊन आता पाऊणशे वर्षांहून अधिक काळ लोटला, आणि सर्व दोष त्याच्या माथी मारून आम्ही मोकळे होऊ पाहत असू तर ते शोभत नाही.

कारण खरा अपराधी आमच्याच घरात आहे. आमच्या गावातील कोणत्याही सुखवस्तू घराच्या बैठकीत जावे. भिंतीवर चित्र असलेच तर ते बर्फाच्छादित शिखरांचे, खाली निळे सरोवर, काठी लाकडी घर. लोह्यापासून तशी वस्तू किती कोसांवर आहे, हे ज्याचे त्याने मोजावे. आणि त्याच घरातील मुलास चित्र काढावयास सांगावे. तो दोन त्रिकोणी डोंगर काढील, त्यांच्या फटीतून उगवता सूर्य, तेथूनच नागमोडी निघालेली नदी, एक उतरत्या छपराची झोपडी आणि शेजारी नारळाचे झाड. ह्यापैकी एकही वस्तू त्याच्या खिडकीतून दिसत नाही. आमची जुनी घरे माळवदाची, धाब्याची, सपाट माथ्याची. आमचे डोंगर बालाघाटाचे, वरून कापल्यासारखे सपाट. आमचे झाड बाभूळ. मुलाच्या ह्या देखाव्यास शिक्षक गुण देतात, आई तो नातेवाइकांस दाखविते, आणि एलिमेंटरी, इंटरमिजिएट ह्या शासकीय रेखाकला परीक्षा देऊनही तो मुलगा आपले गाव कधीच पाहत नाही. ज्यास खोटे, गोडगोड आणि उसने म्हणावे ते निसर्गचित्र हे आहे, आबालालांचे नव्हे. आरोपपत्र बरोबर लिहिले गेले, त्यावर पत्ता तेवढा चुकला.

चांगले मूळ चित्र परवडत नाही, असे ह्यावर आमचे बंधू सांगतील. लग्नातील मंडपाच्या एका कमानीवर जो खर्च होतो त्यात तरुण चित्रकाराचा एक जलरंग सहज येतो. तेव्हा हा मुद्दा आम्ही ऐकला असे समजून पुढे जातो. चित्रे काढणारा कोठे आहे, हा प्रश्न अधिक खरा. त्यास आमच्याकडे एक जागा तयार आहे. लोह्यानजीक माळेगावास मार्गशीर्ष वद्यात खंडोबाची मोठी यात्रा भरते. घोडे, उंट, गाढवे, बैल, वाघ्यामुरळी, तमाशाच्या कनाती, उधळलेला भंडारा, हे सारे रंगविणारे आणि छायाचित्रे घेणारे पुष्कळ येतात, आणि यात्रा संपताच त्यांच्या गाड्या निघून जातात. आम्ही म्हणतो तो चित्रकार त्यानंतरच्या सकाळी यावा. माळ रिकामा झालेला असतो. खुरांनी तुडविलेली माती, विझलेल्या चुलींचे तीन-तीन दगड, कोठे पिवळा पडलेला भंडारा, आणि वर पौषाच्या तोंडचे स्वच्छ आकाश. इतका गलबला पोटात घेऊन जमीन पुन्हा गप्प कशी होते, हे तेथे दिसते. त्यास बसावयास घोंगडे आणि प्यावयास चहा देण्याचे आम्ही पत्करतो. चित्र कसे उतरले ते मात्र तोंडावर सांगू, आणि ‘गारवा वाटला’ असे म्हणणार नाही.